जुन्या लग्नांच्या सीडी वाचेल असा रायटर: घरच्या संगणकासाठी डिस्क ड्राइव्ह कसा निवडावा

अमळनेरला मामांच्या घरी माजघरातल्या कोनाड्यात एक पत्र्याचा डबा आहे. २००४ ते २०१२ या काळात घरात जेवढी लग्नं झाली, त्या सगळ्यांच्या सीडी-डीव्हीडी त्यात ठेवलेल्या आहेत. गेल्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) मावशी माहेरी आली, तिने त्यातली २००६ची एक सीडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "भाऊ, मायना आवाज येस का देख बरं." (आईचा आवाज येतो का बघ.) त्या सीडीत आजीने म्हटलेली हळदीची गाणी होती. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, आणि तिचा आवाज दुसऱ्या कशातही नाही.

माझ्या लॅपटॉपच्या पातळ बाहेरच्या ड्राइव्हमध्ये ती सीडी एकतिसाव्या मिनिटाला अडकली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. मग मामांच्या मुलाचा माळ्यावर टाकलेला जुना डेस्कटॉप खाली उतरवला, त्याचा रायटर, म्हणजे डिस्क वाचणारा आणि लिहिणारा ड्राइव्ह, फुंकर मारून साफ केला आणि तीच सीडी त्यात घातली. ड्राइव्ह कुरकुरला, वेग कमी करत करत पुढे गेला, आणि दोन-तीन ठिकाणचे चौकोन सोडले तर शेवटपर्यंत वाचून मोकळा झाला. सीडी तीच होती, फरक फक्त ड्राइव्हचा होता.

त्या दिवसापासून मला नातेवाईक आणि शेजारी विचारतात की कोणता रायटर घ्यावा. दुकानात सगळे लिहिण्याचा वेग सांगतात, पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत खरं काम आधी वाचण्याचं आहे आणि नंतर लिहिण्याचं. त्यामुळे निवडही त्याच क्रमाने करावी, असं माझं ठाम मत आहे.

पहिली पायरी: डबा उघडा आणि डिस्क वेगळ्या करा

ड्राइव्ह घ्यायच्या आधी घरात काय आहे ते बघा. आपल्याकडे साधारण चार प्रकार निघतात.

सगळ्यात जुनी व्हीसीडी. ७०० एमबीच्या सीडीवर तासाभराचं चित्रण. लग्नाच्या एका अल्बमच्या अशा दोन-तीन सीडी असतात. अहिराणी गाण्यांच्या बाजारातल्या सीडीही याच प्रकारच्या. व्हीसीडीत चित्राच्या भागाला त्रुटी सुधारण्याचा एक थर कमी ठेवलेला असतो, जास्त चित्र मावावं म्हणून. म्हणून ओरखडा पडलेली व्हीसीडी लवकर चौकोन दाखवते. अशा सीडीला चांगला वाचणारा ड्राइव्ह सगळ्यात जास्त लागतो.

दुसरा प्रकार डीव्हीडी, ४.७ जीबीची. तिसरा, हॅन्डीकॅममधली ८ सेंटिमीटरची छोटी डीव्हीडी, १.४ जीबीची. ही छोटी डिस्क ट्रेच्या आतल्या लहान खळगीत बरोबर बसवावी लागते. ज्या ड्राइव्हला ट्रे नसून नुसती फट असते, त्यात ती कधीही घालू नका, आत अडकते. शिवाय हॅन्डीकॅममध्ये ती "फायनलाइझ" केली नसेल, म्हणजे दुसऱ्या यंत्रात चालेल अशी बंद केली नसेल, तर संगणकाला ती कोरी किंवा बिघडलेली वाटते. तो कॅमेरा अजून चालू असेल तर आधी त्यातच ते काम करून घ्या. चौथा प्रकार म्हणजे फोटो स्टुडिओने दिलेली फोटोंची डिस्क, जी साधी डेटा सीडी किंवा डीव्हीडी असते.

मोजणी झाली की कागदावर लिहा: किती वाचायच्या आणि पुढे दरवर्षी किती लिहायच्या. दहा-पंधराच डिस्क असतील आणि पुढे काहीच लिहायचं नसेल, तर विकत घ्यायची गरजच नाही. कुणाचा तरी चालू डेस्कटॉप दोन दिवस मागून आणा.

दुसरी पायरी: सीडी, डीव्हीडी की ब्ल्यू-रे

तिन्ही डिस्कचा आकार एकच, १२ सेंटिमीटर. फरक लेझरच्या तरंगलांबीचा आहे. सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०, ब्ल्यू-रेला ४०५. लांबी जितकी कमी तितका ठिपका बारीक, आणि तितकंच जास्त मावतं: सीडीवर ७०० एमबी, डीव्हीडीवर ४.७ जीबी, ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५० जीबी. विंडोजमध्ये ४.७ जीबीची डिस्क ४.३७ जीबी दिसते. ती कमी भरलेली नसते, मोजायची पद्धत वेगळी असते.

आता हिशेब आपल्या कामाचा. मोबाईलच्या फोर-के चित्रणाला मिनिटाला साधारण ३५० एमबी लागतात. म्हणजे डीव्हीडीवर तेरा-चौदा मिनिटंच बसतात आणि २५ जीबीच्या ब्ल्यू-रेवर सत्तर मिनिटं. मोबाईलमधला १२८ जीबीचा साठा उतरवायचा तर २८ डीव्हीडी लागतील, ब्ल्यू-रे फक्त ६.

तरीही बहुतेक घरांना मी डीव्हीडी रायटरच सांगतो. ब्ल्यू-रे रायटरची किंमत त्याच्या कितीतरी पट असते आणि कोऱ्या ब्ल्यू-रे आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाहीत, मागवाव्या लागतात. सोनीने कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, तेव्हा पुढे त्या जास्त सुलभ होतील असं धरून चालू नका. ज्यांचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे, ज्यांना वर्षाला शंभर-दोनशे जीबी कायमचं ठेवायचं आहे, त्यांनी मात्र ब्ल्यू-रेचा विचार जरूर करावा. तो सीडी आणि डीव्हीडीही वाचतो आणि लिहितो. कोऱ्या ब्ल्यू-रे घेताना "एलटीएच" लिहिलेल्या टाळा. त्यात सेंद्रिय रंगाचा थर असतो, साध्या बीडी-आरमध्ये (एकदाच लिहायच्या ब्ल्यू-रेमध्ये) असेंद्रिय, आणि तो जास्त टिकाऊ.

तिसरी पायरी: आतला की बाहेरचा

माझा अनुभव या पायरीवरच सगळ्यात जास्त कामाला येतो, म्हणून इथे जरा थांबतो.

डेस्कटॉपचा आतला रायटर रुंद असतो, सव्वापाच इंचाच्या खणात बसतो. त्याची मोटर दमदार, ट्रे भक्कम, आणि वीज थेट एसएमपीएसकडून (संगणकाच्या वीजपेटीकडून) मिळते. असे रायटर डीव्हीडी २४ एक्सपर्यंत आणि सीडी ४८ एक्सपर्यंत लिहितात (एक्स म्हणजे त्या डिस्कच्या मूळ वेगाच्या किती पट). लॅपटॉपच्या जाडीचे पातळ ड्राइव्ह डीव्हीडीला ८ एक्स आणि सीडीला २४ एक्सवर थांबतात. वेग ही मोठी गोष्ट नाही, ८ एक्सवरही पूर्ण डीव्हीडी आठ-नऊ मिनिटांत होते. मोठी गोष्ट ही की वाकडी, झिजलेली, ओरखड्यांची डिस्क धरून ठेवणं मोठ्या ड्राइव्हला जास्त जमतं. माझ्या हाताखालून गेलेल्या जुन्या डिस्कमध्ये पातळ ड्राइव्हने नाकारलेल्या बऱ्याच डिस्क मोठ्याने वाचल्या. उलट झाल्याचं एकदाच आठवतं.

म्हणून घरात डेस्कटॉप असेल तर आतलाच घ्या. आधी कॅबिनेटच्या समोर बघा. हल्लीच्या काच-जाळीच्या कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंचाचा खणच नसतो. खण असेल तर मदरबोर्डवर साटाची (ड्राइव्ह जोडायच्या हल्लीच्या जोडणीची) एक जागा मोकळी आहे का आणि एसएमपीएसला साटाची चपटी वीजवायर उरली आहे का, ते पाहा. जुन्या एसएमपीएसला फक्त चार पिनांचा मोठा कनेक्टर असतो, त्यासाठी जोडवायर मिळते.

फक्त लॅपटॉप असेल तर बाहेरचा घ्यावा लागतो. त्यात दोन जाती आहेत. एक पातळ, जो यूएसबीवरच वीज घेतो. दुसरा मोठा, ज्याला स्वतःचा अॅडॉप्टर असतो. पातळ घेणार असाल तर वीज नीट समजून घ्या. जुन्या यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलिअँपिअरची मर्यादा आहे, ३.०ला ९००. लिहिताना लेझर आणि मोटर दोन्ही जोरात चालतात आणि वीज कमी पडली की डिस्क अर्ध्यावर वाया जाते. त्यामुळे ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, हबमधून (एका पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीतून) नको. डेस्कटॉपला लावायचा तर मागच्या पोर्टला लावा. दोन तोंडांची वायर सोबत आली असेल तर दोन्ही तोंडं लावा. माझ्या पहिल्या बाहेरच्या ड्राइव्हने सलग चार डिस्क खराब केल्या. मी ड्राइव्ह बदलायला निघालो होतो, आणि दोष निघाला कीबोर्ड, माऊस, पेनड्राइव्ह यांच्यासोबत एकाच हबवर तो लावल्याचा.

तिसरा पर्याय मला स्वतःला आवडतो: बंद पडलेल्या डेस्कटॉपमधला चांगला आतला रायटर काढून तो साटा-ते-यूएसबी जोडणीने लॅपटॉपला लावायचा. ही जोडणी घेताना तिच्यासोबत १२ व्होल्टचा वेगळा अॅडॉप्टर आहे याची खात्री करा. फक्त यूएसबीवर चालणारी जोडणी लॅपटॉपच्या हार्ड डिस्कसाठी असते, मोठा रायटर तिच्यावर चालत नाही.

चौथी पायरी: दुकानात काय वाचायचं, काय विचारायचं

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये किंवा तुमच्या तालुक्याच्या दुकानात जाल तेव्हा ड्राइव्हचं तोंड आणि वरची चिठ्ठी नीट वाचा. नवा असेल तर फारसा प्रश्न नाही. जुना घेताना फसायच्या जागा दोन.

पहिली, नाव. "डीव्हीडी-रॉम" फक्त वाचतो, लिहीत नाही. "कॉम्बो" डीव्हीडी वाचतो पण लिहितो फक्त सीडी. खरा रायटर तो, ज्याच्यावर डीव्हीडीच्या नावापुढे आर (एकदाच लिहायची) आणि आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहायची) असतं आणि अधिक-वजा दोन्ही चिन्हं असतात. माझ्या चुलतभावाला एकाने कॉम्बो रायटर म्हणून विकला. डबा सोनेरी, वजन चांगलं, सीडी लिहून दाखवली, आणि घरी आल्यावर कोरी डीव्हीडी घातली तर काहीच नाही. म्हणून तपासणी डीव्हीडी लिहूनच करा.

दुसरी, मागची जोडणी. मागे रुंद, चाळीस पिनांची जागा असेल तर तो जुन्या आयडीईचा. नव्या मदरबोर्डला ती जागा नसते. साटाचं तोंड अरुंद असतं, इंग्रजी एल अक्षरासारखं.

जुना ड्राइव्ह घेताना खिशात तीन डिस्क न्या: एक मूळ छापील सिनेमाची डीव्हीडी, एक घरची जुनी झिजलेली, आणि एक कोरी डीव्हीडी. पहिली लगेच ओळखली पाहिजे. दुसऱ्या डिस्कवरची मोठी फाइल शेवटपर्यंत उतरवून पाहा, कारण डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि दोष बहुतेक बाहेरच्या कडेला दिसतात. तिसरी पूर्ण लिहून पडताळणी करून घ्या. दुकानदाराला वेळ नसेल तर तो ड्राइव्ह घेऊ नका. ट्रे उघडताना घासल्यासारखा आवाज येत असेल तर रबराचा पट्टा सैल झालेला असतो. तो बदलता येतो. लेझर कमजोर असेल तर मात्र उपाय नाही.

एक गोष्ट थोडक्यात: सिनेमाच्या डीव्हीडीला प्रदेशाचा क्रमांक असतो, भारताचा ५. ड्राइव्हचा क्रमांक पाचदाच बदलता येतो. जुना ड्राइव्ह घेताना तो दुसऱ्याच क्रमांकावर कायमचा अडकलेला नाही ना, एवढं बघा. घरच्या लग्नाच्या डिस्कला हे लागू नाही.

पाचवी पायरी: ड्राइव्हच्या तोडीची कोरी डिस्क

लोक ड्राइव्हवर पैसे घालतात आणि सुटी, बिननावाची डिस्क घेतात. माझं म्हणणं, पैसे उलटे घाला. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या उत्पादकाचा संकेत कोरलेला असतो. ड्राइव्ह तो वाचतो आणि आपल्या फर्मवेअरमधल्या (आतल्या कायमच्या प्रोग्राममधल्या) यादीतून लेझरचं माप ठरवतो. यादीत नसलेली डिस्क आली की तो अंदाजाने लिहितो. एकच ड्राइव्ह एका डिस्कवर सुंदर आणि दुसऱ्यावर खराब का लिहितो, याचं हे मोठं कारण.

आपल्याकडे एकेकाळी घरोघरी मोझर बेअरच्या डिस्क असायच्या. ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात निघाली. तिचा बंद डबा कुणी दिला तर तो जुना साठा समजून आधी एकच डिस्क लिहून पाहा.

वजा आर (डीव्हीडी-आर) घ्यावी की अधिक आर (डीव्हीडी+आर)? गावाकडच्या जुन्या डीव्हीडी प्लेयरवर लावायची असेल तर वजा आर. ती जुन्या यंत्रांना जास्त चालते. फक्त संगणकासाठी असेल तर दोन्ही सारख्या. आरडब्ल्यू साधारण हजार वेळा पुसून लिहिता येते, पण जे पुसता येतं ते जपायच्या वस्तूंसाठी नको. दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क महाग असते आणि जुने प्लेयर तिच्यावर अडखळतात. तिच्याऐवजी साध्या दोन डिस्क करा. एम-डिस्क नावाची दगडासारख्या असेंद्रिय थराची डिस्क मिळते. तिची डीव्हीडी लिहायला तसा शिक्का असलेला रायटर लागतो. आजीच्या आवाजासारख्या एखाद्या गोष्टीसाठी ती घ्यायला हरकत नाही.

सहावी पायरी: जोडणी आणि पहिली डिस्क

आतला रायटर बसवताना संगणक बंद करा आणि वायर भिंतीतून काढा. समोरची पट्टी काढून ड्राइव्ह बाहेरून आत सरकवा, दोन्ही बाजूंनी स्क्रू लावा, मग साटाची डेटावायर आणि वीजवायर. विंडोजला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. डीव्हीडीतला सिनेमा दाखवायची सोय विंडोज ८पासून सोबत येत नाही, त्यासाठी व्हीएलसी हा प्लेयर टाका, तो मोफत आहे आणि व्हीसीडीही दाखवतो.

आधी वाचण्याचं काम. चांगल्या स्थितीतल्या डीव्हीडीतलं व्हिडिओचं फोल्डर सरळ हार्ड डिस्कवर उतरवा. व्हीसीडीत चित्रण "एमपीईजीएव्ही" नावाच्या फोल्डरमध्ये असतं. डिस्क अडकत असेल तर बळजबरी करू नका. आधी मऊ सुती कापडाने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. टूथपेस्टचे प्रयोग करू नका. तरी अडली तर अडलेल्या व्हीसीडीसाठी आयसोबस्टर आणि डीव्हीडीसाठी लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हे प्रोग्राम वापरा. डीडीरेस्क्यू आधी सोपा भाग उचलतो आणि मग अवघड जागांवर पुन्हा पुन्हा येतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर दुसऱ्या ड्राइव्हवर तेच काम पुढे चालवा. म्हणूनच नवा ड्राइव्ह आला तरी जुना, चालू असलेला ड्राइव्ह भंगारात देऊ नका.

लिहिण्यासाठी विंडोजमधली सोय पुरते. ती दोन पर्याय विचारते: पेनड्राइव्हसारखी वापरायची की प्लेयरसाठी. जपायची डिस्क नेहमी दुसऱ्या पर्यायाने करा. जास्त ताबा हवा असेल तर इमगबर्न हा प्रोग्राम आहे, त्यात लिहून झाल्यावर पडताळणीची खूण लावलेली असू द्या. १६ एक्सच्या डिस्कला ८ एक्स वेग ठेवा. सगळ्यात कमी वेग सगळ्यात चांगला, हा समज खरा नाही. डिस्क ज्या वेगासाठी बनवली आहे त्याच्या फार खाली गेल्यावरही लिहिणं बिघडू शकतं.

विजेचं काय करावं, हे आपल्याकडे आधी ठरवायला हवं. डेटा कमी पडला तर सांभाळून घेणारी सोय आजच्या सगळ्या रायटरमध्ये आहे, पण लाइट गेल्यावर तिचा उपयोग नाही, आर जातीची डिस्क तिथेच संपते. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लाइट जायच्या ठरलेल्या वेळा सोडून लिहा. गावात काम करायचं असेल तर लॅपटॉप आणि यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह ही जोडी बरी, लाइट गेली तरी बॅटरीवर डिस्क पूर्ण होते. लॅपटॉप मध्येच झोपणार नाही अशी सेटिंग आधी करून ठेवा.

सातवी पायरी: धूळ आणि मे महिना

ड्राइव्हच्या भिंगावर धूळ बसली की तो डिस्क नाकारायला लागतो. ज्यांचं घर कापसाच्या जिनिंगजवळ आहे किंवा काळ्या रानातून वारा येतो, त्यांनी ड्राइव्ह वापरात नसताना कापडाने झाकावा. भिंगाला ओलं काही लावू नका, रबरी फुग्याने हवा मारा.

डिस्कचा खरा शत्रू आपला उन्हाळा आहे. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहूनही वर. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमधला रंग उष्णता, उजेड आणि दमटपणा यांनीच उतरतो. मामांच्या डब्यातल्या डिस्क एवढ्या वर्षांनी वाचल्या, त्याचं श्रेय मी त्यांच्या धाब्याच्या घराला आणि त्या माजघराला देतो. तिथे ऊन कधी पोचलंच नाही. त्याच लग्नाची दुसरी प्रत पुतण्याच्या पत्र्याच्या खोलीत होती, तिच्यातलं काहीच निघालं नाही. कठीण डबीत, उभी, घरातल्या सगळ्यात थंड आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. गाडीत ठेवू नका, पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीतही नको.

सीडीची चमकणारी बाजू आपण जपतो, पण तिची वरची बाजू जास्त नाजूक. सीडीत डेटाचा थर वरच्या पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन थरांच्या मध्ये असतो. बॉलपेनने नाव लिहू नका, कागदाचं लेबल चिकटवू नका. पाण्याच्या शाईच्या मार्करने मधल्या पारदर्शक कड्याजवळ लिहा.

आजीच्या गाण्यांची फाइल आता तीन ठिकाणी आहे: माझ्या हार्ड डिस्कवर, मामांच्या कोनाड्यातल्या नव्या डीव्हीडीवर आणि मावशीच्या धुळ्याच्या घरातल्या दुसऱ्या डीव्हीडीवर. दोन्ही डीव्हीडींच्या कड्यावर तारीख, ड्राइव्हचं नाव आणि लिहिण्याचा वेग लिहिलेला आहे. पुढच्या आखाजीला मावशी आली की दोन्ही लावून, एकतिसाव्या मिनिटावर आणून ऐकायच्या आहेत.